डॅमेज, म्हणे

मान सोडा. अजून सोडा — ताठ धरलीत तर पाणी पाठीत जाईल आणि मग म्हणाल बाईने भिजवून काढलं. हां, अशी. आता बोला, काय म्हणत होतात? काय झालंय केसांना? डॅमेज? असं होय. कुणी सांगितलं? नाही, तुमचा शब्द नाही तो, मला कळतं. माणूस आपल्या केसांबद्दल आपण होऊन बोलतं तेव्हा म्हणतं, केस गळतात, कोरडे पडलेत, गुंता होतो, फाटे फुटलेत. डॅमेज झालेत असं जन्मात कुणी आपल्या मनाने म्हणत नाही. ते शिकवावं लागतं. समोरच्या काचेच्या दुकानात गेला होतात ना? बघा. मागच्या खेपेला त्यांनी सांगितलं, आणि आज तिथं बसायला जागा नव्हती म्हणून रस्ता ओलांडून इकडे. असू दे, लाजू नका, येतात तशा पुष्कळ. रोग तिकडे कळतो, डोकं इकडे धुऊन मिळतं.

पाणी बरंय? — मला एक सांगा, डॅमेज म्हणजे काय? नाही, सांगा ना, शिकलेल्या दिसता. नुकसान? नुकसान धंद्यात होतं. खराब? खराब रस्ताही असतो, हवाही असते. बघा, अडलात. अहो, आपल्याकडे प्रत्येक वस्तूला बिघडायची आपापली रीत आहे. दूध नासतं. भाजी सडते. पीठ आंबतं. कापड विरतं, शिवण उसवते, लोखंड गंजतं, लाकडाला वाळवी लागते, भिंतीला पोपडे येतात, आरशाचा पारा उडतो. आरशाला वाळवी लागली म्हणून बघा चारचौघांत, लोक तोंडावर हसतील. आणि हे इंग्रजीवाले — दार डॅमेज, दाढ डॅमेज, डोकं डॅमेज. एकाच पळीने सगळी पातेली ढवळायची. आणि आपले लोक काय, कुणी इंग्रजीत काही म्हटलं की लगेच आजारी पडतात. फाटे फुटलेत म्हटलं तर म्हणतील, कापा थोडे. डॅमेज म्हटलं की डोळ्यांत पाणी, आणि बाटल्या घेऊन जातात. हसताय काय, तुम्हीही घेतल्या असतील. घेतल्यात ना? मग.

ती समोरची माझी जाऊ. हो, सख्खी, धाकटी. माहीत नव्हतं तुम्हाला? रस्त्यावरच्या पानवाल्यालासुद्धा माहीत आहे. पूर्वी इथंच होती, या खोलीत — ती दुसरी खुर्ची दिसते ना, टॉवेल टाकलेत जिच्यावर, ती तिची. दुकान माझं, पण घरातली म्हणून घेतली हाताखाली. कात्री कशी धरायची ते मी शिकवलं. आली तेव्हा कंगवा असा धरायची, झाडू धरल्यासारखा. बरी चालली होती. मग कुठल्याशा कंपनीचा कोर्स निघाला, मोठ्या हॉटेलात, गार हवा, फुकट जेवण. बाईसाहेब गेल्या आणि परत आल्या त्या हा शब्द घेऊन. आणि एक यंत्र. जाड पेनाएवढं, टोकाला दिवा, दुसऱ्या टोकाला पडदा. केसावर टेकवलं की केस पडद्यावर दोराएवढा दिसतो, साल सुटलेल्या फांदीसारखा. कुणाचाही घ्या, तसाच दिसतो; एवढं जवळ जाऊन बघितलं तर काय चांगलं दिसणार आहे? पण बायका खुर्चीत बसून रडायच्या. मी बघायची, आणि मला कीव यायची — बायकांची नाही, माझी स्वतःची, की कुठल्या सर्कशीत येऊन पडले.

एकदा मी काय केलं — जोरात चोळते का? सांगा हं — एकदा मी नवा कोरा ब्रश घेतला, दात घासायचा, पाकिटातून काढलेला, त्याचा एक केस कापला आणि दिला तिच्या हातात. म्हटलं, एक गिऱ्हाईक देऊन गेलंय, बघ काय म्हणतेस. तिने ठेवला यंत्राखाली, चष्मा सावरला, आणि म्हणाली, ताई, हा तर पूर्ण डॅमेज आहे. दोन बायका बसल्या होत्या, त्यांच्यासमोर मी पाकीट दाखवलं. मग काय, हसून हसून पुरेवाट. ती नाही हसली. दोन दिवस अबोला. चूक कळली की माणसाने हसावं, एवढं सोपं आहे. पण तेवढं मोठं मन कोर्सात देत नाहीत.

पुढे तो शब्द दुकानातून मागच्या घरात शिरला. भिंतच तेवढी मध्ये. नळ डॅमेज, दिराची पाठ डॅमेज, शेजारणीचं सुनेशी पटत नाही तर त्यांचं नातं डॅमेज. आमच्या सासूबाई, वय झालेलं, दात नाहीत, त्या म्हणायला लागल्या, अगं, गुडघा ड्यामिज झालाय माझा. मी म्हटलं, आई, दुखतोय म्हणा. तर म्हणतात, दुखतोय म्हटलं की कुणी बघत नाही, ड्यामिज म्हटल्यावर धाकटीनं डॉक्टरकडे नेलं. — घ्या. आता याला काय म्हणायचं? म्हाताऱ्या माणसाला सुद्धा नादी लावलं.

थांबा, दुसऱ्यांदा साबण लावते. तुमचे केस चांगले आहेत, उगाच घाबरवलंय तुम्हाला.

नाही, भांडण यंत्रावरून नाही झालं. यंत्रावरून काय भांडायचं. ते निघालं माझ्या लेकीवरून. मला एकच लेक आहे. लग्न होऊन गेली, चांगल्या घरी — जावई माझा बघण्यासारखा, मोठ्या कचेरीत, आवाज चढवून बोलताना मी त्याला कधी ऐकलेला नाही. माझ्याशी तर इतका अदबीने, की शेजारणी जळायच्या. अशी दुपार होती, गिऱ्हाईक नव्हतं, आणि ही दारात उभी, न कळवता. डोक्याला स्कार्फ. मी म्हटलं, ये, बस, डोकं धुऊन देते. आमचं तसंच आहे — लहानपणी या बेसिनपाशी यायला रडायची, आणि मोठी झाल्यावर इथंच झोप लागायची तिला, पाणी चालू असताना. तर म्हणाली, नको आई, आज नको. नको म्हणाली! मी कसली ऐकते. बसवली, स्कार्फ काढला, मान मागे घेतली, तुमची आत्ता आहे तशीच.

आणि बोट गेलं उजव्या कानामागे. तिथं केस नव्हते. एवढी जागा — अंगठा टेकवला तर झाकेल न झाकेल — आणि भोवती खुंटं, एक एवढं, एक तेवढं, कुणी चरून गेल्यासारखी. केस गळतात तेव्हा तशी जागा नाही होत. गळलेली जागा गुळगुळीत लागते. ही खरखरीत होती. बोटांना कळतं हो, डोळ्यांच्या आधी कळतं, आयुष्य गेलं यात माझं. मी हात नाही काढला. पाणी तसंच चालू ठेवलं आणि म्हटलं, तिकडचं पाणी जड असेल गं. ती म्हणाली, हो, पाणीच असेल. झालं. मिटलं होतं तिथंच. माय-लेकींचं बोलणं, दोन वाक्यांत मिटलेलं.

पण धाकटी बसली होती ना त्या खुर्चीत, नखं रंगवत. उठली. मला वाटलं आता यंत्र आणणार, आता पडद्यावर माझ्या पोरीचं टाळकं दाखवणार. नाही आणलं. स्टूल ओढलं, पोरीच्या समोर बसली, गुडघ्याला गुडघा लावून, आणि एकच शब्द विचारला, कुणी? मी म्हटलं, कुणी काय, पाणी — तर माझ्याकडे बघितलंही नाही तिने. बसून राहिली. पोरीच्या केसांतून पाणी गळतंय, गाऊन भिजतोय, आणि ही बसून राहिलीय. शेवटी पोर म्हणाली, अगदी हळू, "आधी त्यानं. आता माझी मीच."

ऐकलंत ना? माझी मीच. स्वतःच्या तोंडाने म्हणाली. रात्री बसल्या बसल्या हात जातो म्हणे, आणि उपटते, एकेक. मग त्या पोराला किती बोल लावायचा? आधी त्याने — आधी म्हणजे कधी, किती, काही विचारलं का कुणी? रागाच्या भरात एखाद वेळी हात जातो माणसाचा. मी धाकटीला म्हटलं, संसार आहे, भांड्याला भांडं लागतंच. तर मला म्हणते — माझ्या दुकानात उभी राहून, मी शिकवलेली — म्हणते, "ताई, भांड्याला भांडं लागलं तर दोन्हींना पोचे पडतात. त्याला कुठं पडलाय तो दाखवा."

उचलली जीभ लावली टाळ्याला. मग तिने तो शब्द काढला. ताई, हे डॅमेज आहे, म्हणाली. पोरीला डॅमेज केलंय त्याने. आणि मग मात्र माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, यंत्राचा शब्द माझ्या पोरीला लावायचा नाही. पोर म्हणजे काय बिजागरी निघालेलं दार आहे? बाटली विकायचीय का तुला तिला? आज तू इथं म्हणशील, उद्या चव्हाट्यावर म्हणशील, आणि परवा माझी पोर डॅमेज झालेला माल म्हणून परत आलेली दिसेल लोकांना. थोडं मनाला लागलंय तिच्या, एवढंच म्हणायचं, त्याला शब्द आहेत आपल्यात. तर आतून, भिंतीपलीकडून, सासूबाईंचा आवाज आला — आहेत की, आमच्या वेळी तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणायचे. मी खाल्लाय.

म्हातारं माणूस. कान तिखट, जीभ सैल. कुणी विचारलं होतं? जन्मात कधी बोलल्या नव्हत्या, त्या नेमक्या त्या दिवशी बोलल्या. मी मधलं दार लावून घेतलं.

तिचे वडील? ते म्हणाले, तुझं तू बघ. त्यांना एवढंच एक वाक्य येतं, लग्नात शिकून आले होते.

मी काय केलं ते सांगते. मी तिचे केस वाळवले आणि भांग बदलला. नेहमीचा मोडला, दुसऱ्या बाजूने काढला, वरची एक जाड बट घेतली आणि अशी आणून बसवली कानामागे, आतून दोन पिना, की शोधून सापडू नये. तुम्हाला सांगते, इतकं सफाईचं काम मी नवऱ्यामुलींचंही केलेलं नाही. तेलाची बाटली दिली, म्हटलं, रोज लाव, येतात केस, आणि हाताला काहीतरी काम दे रात्रीचं, विणकाम कर. झाकली मूठ राहिलेली बरी. संध्याकाळी जावई न्यायला आला. बोलावलं नव्हतं कुणी, तो आपण होऊन आला — काळजी वाटली म्हणून आला. चहा घेतला. निघताना तिला जवळ घेतलं, वाकून कानामागे बघितलं, बोटाने बट जराशी उचलली आणि परत ठेवली. आणि मला म्हणाला, आई, छान केलंत.

छान केलंत, म्हणाला.

पाणी गार झालं का? नाही, तुम्ही दचकलात म्हणून विचारलं. — नाही म्हणजे, त्याने बघितलंच ना? बघितलं म्हणजे त्याला ठाऊक होतं कुठं बघायचं ते. पण ठाऊक असणारच, नवरा आहे. मी ते फार मनावर नाही घेतलं. एखाद वेळी येतं मनात, भांडी घासताना वगैरे. येतं आणि जातं.

मग पुढं काय, पुढं धाकटीचं राज्य. पुढच्याच आठवड्यात एक दिवस ती आलीच नाही दुकानात. मी दोन गिऱ्हाइकं परत पाठवली. ती गेली होती माझ्या लेकीच्या घरी, दिराला घेऊन. आमचा दीर म्हणजे कसा, रस्त्यात कुणी धक्का दिला तर हाच माफी मागेल. तो म्हणे दारात उभा राहिला, नुसता उभा, आणि धाकटी आत गेली आणि पोरीला घेऊन बाहेर आली, एक पिशवी काखेत. कुणी तोंड उघडलं नाही. जावयानेसुद्धा नाही — बघा, एवढा सभ्य माणूस. आणि आणली कुठं? घरी आणली? नाही. धाकटीच्या मैत्रिणीकडे. आईकडे नको, म्हणाली पोर. हे मला धाकटीने नाही सांगितलं हं, तेवढं ती पोटात ठेवू शकते. दिराने सांगितलं. त्याला कुठं काय बोलावं याची अक्कल नाही, जेवता जेवता म्हणाला, वहिनी, ती म्हणाली आईकडे नको, आई परत भांग बदलेल.

भांग बदलेल.

अहो, माझ्याकडे बायका लांबून येतात भांगासाठी.

मग धाकटीने ती समोरची जागा घेतली. वेगळी चूल, वेगळं दुकान. सासूबाईसुद्धा गेल्या तिच्यामागे, गुडघा घेऊन. काचेवर अक्षरं बघितलीत ना, हाताएवढाली — डॅमेज रिपेअर. इथून दिसतात, तुम्ही आत्ता जिकडे पाय केलेत तिथून सरळ. सकाळी शटर वर केलं की पहिलं तेच. मुद्दाम लावलीत, माझ्या तोंडावर. रिपेअर, म्हणे. सायकलचं दुकान आहे का? शब्द एकेक बघा. जे मोडलं ते जुळवता येतं, जे फाटलं ते रफू करता येतं, पण त्याला आधी मोडलं म्हणावं लागतं, फाटलं म्हणावं लागतं — नाही, म्हणजे मी म्हणतेय ते वेगळं. तुम्ही भलतीकडे नेऊ नका. मी शब्दाबद्दल बोलतेय.

तुमचे केस तिकडे कुणी बघितले? जाऊबाईंनीच? ठेंगणी, चष्म्याची? — नाही? मग दुसरी असेल. सडपातळ? हां. तीच. मला वाटलंच, यंत्र तिच्याकडे दिलंय हे ऐकलं होतं मी. कशी — केस कसे आहेत तिचे? कापलेत? कुठवर? कानाच्या वर? म्हणजे कान उघडे? मागचंही दिसतं? मग काय दिसतं? नाही, असंच. नीट आठवा. उजवा कान. काही वेगळं नाही वाटलं? सारखेच दिसतात सगळीकडे? — तुम्ही बघितलं तरी का नीट, का आपलं पडद्याकडे बघत बसलात? बरं. बरं, असू दे. मला काय करायचंय. कानाच्या वर केस तिला शोभायचे नाहीत, चेहरा लांबट आहे.

बोलली तुमच्याशी? बडबड करते? ती? तुम्ही दुसऱ्याच कुणाबद्दल सांगत असाल. माझी पोर दहा विचारलं तर एक सांगायची. हसते? कशाला हसते?

आणि डॅमेज झालंय हे तीच म्हणाली? तिच्या तोंडाने? कशी म्हणाली — नाही, जसं म्हणाली तसं सांगा. आधी विचारलं? काय विचारलं? कशाने झालं, असं? आणि मग? मग गप्प बसली? तुम्ही सांगेपर्यंत? आणि तुम्ही सांगितलं सगळं, रंग कुठला लावला, केसांवर इस्त्री किती वेळा फिरवली — आणि ती ऐकत बसली, स्टुलावर. समोर. घाई न करता.

अशाने गिऱ्हाईक खोळंबतं. धंदा असा नाही होत. कशाने झालं, कशाला विचारायचं? आलेलं डोकं धुवायचं, वाळवायचं, नीट करून पाठवायचं. मी नाही विचारत. मला कधी विचारायची गरजच पडली नाही, बोट लागलं की मला —

झालं तुमचं. उठा. हा टॉवेल धरा. नाही, वाळवून देणार नाही, उन्हातनं जा, वाळतील. पैसे राहू द्या, पुढच्या वेळी बघू, येणार असलात तर. आणि जाताना ती दारावरची पाटी उलटी करा. हो, बंद. ऊन आहे ते मला दिसतंय. करा म्हटलं ना.